औषधाशिवायच्या शुश्रूषेला वॉर्डात वेळ आणि नोंद मिळावी

प्रति,
मा. संपादक,

विषय : रुग्णांचा त्रास कमी करणाऱ्या पूरक, औषधविरहित उपायांना परिचर्येत स्थान मिळण्याबाबत

महोदय,

शासकीय रुग्णालयांत औषधे नाहीत, पदे रिक्त आहेत, यंत्रे बंद पडली आहेत, अशा बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात आणि त्या यायलाच हव्यात. परंतु ज्यांना औषध लागत नाही की यंत्र लागत नाही, जे परिचारिकेच्या हातात आहेत आणि ज्यांनी रुग्णाची धाप, मळमळ, ठणका व भीती खरोखर कमी होते, असे उपायही आपल्या वॉर्डांत होत नाहीत, याची बातमी कधी होत नाही. मराठवाड्यातील शासकीय रुग्णालयांत नोकरी करून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची जबाबदारी सांभाळणारी वरिष्ठ परिचारिका, या पदावरून मी निवृत्त झाले आहे. या उपायांची जागा चांगल्या इच्छेवर नव्हे, तर परिचर्येच्या लेखी नोंदीत आणि ड्युटीच्या वेळापत्रकात असली पाहिजे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट करते की हे उपाय औषधासोबत करायचे आहेत, औषधाऐवजी नाही. कर्करोगाच्या रुग्णाची केमोथेरपी थांबवून त्याला चुंबकाचे पट्टे विकणारे लोक आपल्याही जिल्ह्यांत फिरतात आणि त्यांच्यासाठी १९५४चा औषधे व जादुई उपाय कायदा आहे. माझा मुद्दा त्यांच्या नेमका उलट आहे. जे तपासून सिद्ध झाले आहे, ते प्रशिक्षित हाताने, योग्य रुग्णाला आणि योग्य वेळी मिळाले, तर लोकांना अशा विक्रेत्यांच्या दारात जाण्याचे कारणच उरणार नाही.

धापेचे उदाहरण घ्या. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या खेड्यातल्या कितीतरी बायका फुफ्फुसांच्या जुनाट आजाराने वॉर्डात येतात. नेब्युलायझर लागतो, औषधे सुरू होतात, गरज असेल तर ऑक्सिजनही लागतो. तरीही धाप पुरती जात नाही आणि घाबरल्यामुळे ती आणखी वाढते. अशा रुग्णाला आडवे न ठेवता खाटेच्या कडेला बसवावे, समोरच्या टेबलावर उशा रचून त्यांवर दोन्ही हात टेकवून पुढे झुकू द्यावे, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या छातीच्या व खांद्यांच्या स्नायूंना आधार मिळतो. मग नाकाने श्वास घ्यायला आणि ओठांचा चंबू करून तो सावकाश, घेण्याच्या साधारण दुप्पट वेळ लावून सोडायला शिकवावे. त्यामुळे लहान श्वासनलिका लवकर मिटत नाहीत आणि आत अडकलेली हवा बाहेर पडते. तिसरा उपाय साध्या वाऱ्याचा आहे. केंब्रिजमधील संशोधकांनी २०१० साली ५० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात हातात धरायचा छोटा पंखा पाच मिनिटे चेहऱ्यावर आणि पाच मिनिटे पायावर धरून पाहिला, तेव्हा चेहऱ्यावर धरल्यावर धाप स्पष्टपणे कमी झाली. नाक, गाल आणि ओठांभोवतीच्या त्वचेला गार वारा लागला की तेथील मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांमुळे धाप लागल्याची जाणीव उतरते, असे त्याचे कारण मानले जाते. आपल्याकडे मे महिन्यात वीज गेली की नातेवाईक वर्तमानपत्राच्या घडीने वारा घालतातच. मात्र तो बहुधा पाठीवर किंवा अंगावर घालतात. तो चेहऱ्यावर, थोड्या अंतरावरून घाला, हे सांगायला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट कोणाच्या कामात धरलेले नसते, म्हणून ते सांगितले जात नाही.

मळमळीचेही असेच आहे. मनगटाच्या आतल्या बाजूच्या घडीवर रुग्णाचीच तीन बोटे आडवी ठेवली की त्यांच्यामागे, कोपराच्या बाजूला, दोन कंडरांच्या (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मध्ये एक बिंदू सापडतो. त्यावर दाब दिल्याने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व उलटी कमी होते आणि त्याचा उपयोग उलटीवरील औषधांच्या जवळपास जातो, असा निष्कर्ष वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१५च्या आढाव्यात आला आहे. आता काही जिल्हा रुग्णालयांतही केमोथेरपी दिली जाते. तेथे ५-एफयू हे कर्करोगावरील औषध शिरेतून एकदम देताना पाच मिनिटे आधीपासून साधारण अर्धा तास बर्फाचे तुकडे तोंडात घोळवत ठेवले, तर तोंडातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तिथपर्यंत औषध कमी पोहोचते आणि तोंड येण्याचे प्रमाण घटते. तोंडातल्या जखमांमुळे भाकरीचा घास गिळता न येणारा, घोटभर पाण्यालाही घाबरणारा रुग्ण ज्याने पाहिला असेल, त्याला या बर्फाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. परंतु हाच बर्फ ऑक्सॅलिप्लॅटिन हे कर्करोगावरील दुसरे औषध घेणाऱ्या रुग्णाला देता कामा नये, कारण त्या औषधानंतर गार वस्तूच्या स्पर्शानेही हातापायांत आणि घशात तीव्र मुंग्या व वेदना होतात. घरगुती वाटणाऱ्या या उपायांसाठी शिकलेली परिचारिका का हवी, याचे उत्तर या एका फरकात आहे.

वेदनांच्या बाबतीत तर आपल्याकडे दोन्ही टोके दिसतात. वॉर्डात वेदनाशामकाची पुढची वेळ होईपर्यंत रुग्णाने कण्हत राहायचे आणि घरी गेल्यावर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून उपाशीपोटी खायच्या. ऊसतोडीवर जाणारी माणसे कंबरदुखीसाठी वर्षानुवर्षे अशा गोळ्या घेत राहतात आणि त्याचा भार शेवटी जठरावर व मूत्रपिंडांवर पडतो. या दोन टोकांच्या मध्ये शेक, योग्य स्थिती, हलक्या हाताने पाठ चोळणे, सावकाश श्वास आणि संगीत यांना जागा आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१५ साली ७३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला, त्यात शस्त्रक्रियेच्या वेळी संगीत ऐकलेल्या रुग्णांची वेदना व चिंता कमी राहिली आणि त्यांना वेदनाशामकही कमी लागले. आपल्या भागात ते संगीत कोणाला हरिपाठाचे लागेल, कोणाला कव्वालीचे, तर कोणाला भीमगीतांचे. निवड रुग्णाची असावी आणि ते त्याच्याच कानात वाजावे, कारण शेजारच्या खाटेवरील माणसासाठी तोच गोंगाट ठरतो. अनावश्यक आवाज ही आजारी माणसावर केलेली क्रूरता आहे, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच बजावले होते. आपल्या वॉर्डांत रात्री दोन वाजता मोबाइलवर मोठ्याने चाललेले व्हिडिओ आणि स्टीलच्या ट्रेची आदळआपट ऐकली की आपण त्या इशाऱ्याच्या किती मागे आहोत, हे मला फार तीव्रतेने जाणवत असे.

याच उपायांनी इजाही होते, हे लपवून चालणार नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांना गरम पाण्याच्या पिशवीचा चटका कळत नाही. नातेवाईकांनी प्रेमाने दिलेल्या शेकाने तळव्यावर भला मोठा फोड आल्याचे आणि त्याची जखम महिनोन्महिने चिघळल्याचे मी पाहिले आहे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळल्यास गुठळी सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. खाटेला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर लाली आली की घरची माणसे तिथेच तेल लावून रगडतात, वास्तविक तेथील दाब काढून कूस बदलणे हाच उपाय आहे आणि रगडण्याने आतील ऊती आणखी फाटतात. दमेकऱ्याच्या खाटेशी उग्र वासाची तेले व अगरबत्ती नको, वर्षाच्या आतील बाळाला मध नको. हे सारे नातेवाइकांना कोणी सांगायचे?

हे शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांना मी नवजात शिशू कक्षाकडे बोट दाखवते. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून धरण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. पुढे २०२१ मध्ये भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीत, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता ही पद्धत लगेच सुरू केल्यास अशा बाळांचे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटतात, असे दिसले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात सहभागी होते. टाचेतून रक्त काढताना होणारी बाळाची वेदनाही या स्पर्शाने कमी होते. आज आपल्याकडच्या नवजात शिशू कक्षांत परिचारिका ही पद्धत आयांना शिकवतात. त्या इतर वॉर्डांतील परिचारिकांपेक्षा अधिक प्रेमळ असतात म्हणून नव्हे, तर शासनाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचना आहेत, टेकून बसायची खुर्ची आहे, प्रशिक्षण आहे आणि किती तास दिले हे लिहायला तक्ता आहे म्हणून. प्रसूतिगृहात सोबतिणीला परवानगी मिळाली तीही २०१६ मध्ये केंद्र शासनाने ती लेखी दिली आणि २०१७च्या ‘लक्ष्य’ या प्रसूतिगृहे सुधारण्याच्या कार्यक्रमात ती आली म्हणून. त्याआधी कळा देणाऱ्या बाईची कंबर दाबून द्यायला तिची आईसुद्धा दाराबाहेरच थांबत असे.

धाप, मळमळ आणि वेदना यांच्या वाट्याला असा तक्ता आलेला नाही. तापाची आणि रक्तदाबाची नोंद चार-चार वेळा होते. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर वेदना किती, कोणता उपाय केला आणि अर्ध्या तासाने ती कितीवर आली, हे मात्र कोठेही लिहिले जात नाही. जे लिहिले जात नाही त्याला वेळ मिळत नाही आणि वेळ नसण्याचे मूळ कारण मनुष्यबळ आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. आमच्याकडे रात्रपाळीला पन्नास-साठ रुग्णांत एक सिस्टर हे नेहमीचे चित्र होते, आणि इंजेक्शने व सलाईन उरकताना पहाट झालेल्या त्या सिस्टरने पाठ का चोळली नाही, असे विचारणे अन्यायाचे आहे. रिक्त पदे भरल्याशिवाय या पत्रातील निम्म्या गोष्टी होणार नाहीत, हे मी जाणते.

उरलेल्या निम्म्या मात्र उद्यापासून होऊ शकतात. आपल्या दैनिकामार्फत मराठवाड्यातील जिल्हा शल्यचिकित्सक आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी छातीच्या विकारांचा वॉर्ड आणि केमोथेरपी कक्ष या दोनच ठिकाणांपासून सुरुवात करावी. परिचर्येच्या नोंदपत्रात त्रासाची मोजणी व केलेला उपाय यांसाठी एक रकाना वाढवावा, रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून हातातले पंखे आणि बर्फाची पेटी घ्यावी, तसेच नर्सिंगच्या विद्यार्थिनींना नातेवाइकांच्या भेटीच्या वेळेत खाटेशेजारी या गोष्टी शिकवण्याचे काम द्यावे. त्यांना शिकवण्यासाठी माझ्यासारख्या निवृत्त परिचारिका जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. परभणीत हे काम विनामोबदला करण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
परभणी