इंजिन धुण्याआधी वाचावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या लहान मोटारींविषयी वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पानांवर जे लिहून येते ते मी आस्थेने वाचतो. त्यात गाडीचा इतिहास असतो, रंगाची आणि गादीच्या कापडाची चर्चा असते. इंजिनाचा विषय निघाला की मात्र ‘हे काम जाणकारावर सोपवावे’ एवढ्या एका वाक्यात तो संपवला जातो. ज्याची रोजच्या वापराची एकच गाडी आहे त्याने हा सल्ला जरूर मानावा. परंतु ज्याच्यापाशी वेळ आहे, कोरडी जागा आहे, एखादे जुने इंजिन आहे आणि ते समजून घेण्याची मनापासून इच्छा आहे, त्याला हे काम घरी शिकता येते. ते कोणत्या क्रमाने शिकावे, यावर मराठीत लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आलेले नाही, म्हणून हे पत्र.

मी ज्यावर शिकलो ते ‘मिनी’ गाडीचे ९९८ सीसीचे ए-सिरीज इंजिन. ऑस्टिन कंपनीने १९५१ मध्ये ए-३० या गाडीसाठी ८०३ सीसीचे पहिले ए-सिरीज इंजिन काढले, १९५९ मध्ये ते ८४८ सीसीचे होऊन मिनीत आले, पुढे १२७५ सीसीपर्यंत वाढले आणि २००० साली जुन्या मिनीचे उत्पादन थांबेपर्यंत बनत राहिले. चार सिलेंडर, ओतीव लोखंडाचे ब्लॉक (इंजिनाचे धड) आणि हेड (त्यावरचे झाकण), ब्लॉकच्या पोटात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, त्यावरून व्हॉल्व्हपर्यंत जाणारे पुशरॉड आणि पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टला अवघी तीन मेन बेअरिंग, अशी त्याची साधी रचना आहे. एकेक भाग हातात घेतला की तो काय करतो हे नवख्यालाही कळते. मिनीचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी तीत हे इंजिन आडवे बसवले आणि गिअरबॉक्स त्याच्या खालच्या संपमध्येच, म्हणजे ऑइल साठते त्या पात्रातच घातला, त्यामुळे इंजिन आणि गिअर दोघांना एकच ऑइल पुरवले जाते. या मांडणीने जागा वाचली, पण गिअरच्या दात्यांचा झिजलेला चुरा त्याच ऑइलमध्ये उतरू लागला. म्हणूनच ऑइल काढताना तळाच्या प्लगला असलेले चुंबक पुसून टाकण्याआधी नीट पाहावे. त्यावर करड्या रंगाची मऊ साय असणे स्वाभाविक आहे. धातूचे कपचे असतील तर पुढे काय सापडणार याची सूचना तिथेच मिळते.

माझे मुख्य म्हणणे याच ‘पुसण्याआधी’ या शब्दाबद्दल आहे. घरी शिकणारा माणूस बहुधा नट सैल करण्याच्या धास्तीत असतो आणि सुटा झालेला प्रत्येक भाग लगेच रॉकेलमध्ये टाकून लख्ख करण्यात त्याला समाधान वाटते. बाहेरचा चिखल आणि जुने ग्रीस सुरुवातीलाच धुवावे, नाहीतर ती घाण आत जाते. आतला भाग मात्र त्याची जागा, दिशा आणि अवस्था वहीत लिहून होईपर्यंत धुऊ नये. कोणत्या पिस्टनच्या माथ्यावर काजळी कोरडी आहे आणि कोणत्यावर ओलसर, हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पातळ सीलवर) दोन सिलेंडरांच्या मधल्या पट्टीत जळाल्याचा डाग आहे का, बेअरिंगच्या कपातला करडा थर जाऊन खालचे तांबे कुठे दिसू लागले आहे, या खुणा एकदा पुसल्या की परत मिळत नाहीत. या इंजिनात दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरची एक्झॉस्ट वाट सामाईक आहे, त्यामुळे हेडचा मधला भाग सर्वाधिक तापतो आणि गॅस्केट तिथेच फुटण्याचा संभव अधिक. तिथला डाग दिसण्याआधी हेड घासून चकचकीत केले तर इंजिन का बिघडले होते, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या वेळी आठही टॅपेट (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले छोटे भाग) एकाच ताटलीत रॉकेलमध्ये टाकली. प्रत्येक टॅपेट कॅमच्या आपापल्या उंचवट्यावर वर्षानुवर्षे घासून त्याच्याशी जुळलेले असते, आणि ती जोडी मोडली तर दोन्ही भाग झपाट्याने झिजतात. दोन टॅपेटांचे तळ खड्डे पडलेले होते, पण ती कोणत्या सिलेंडरची हे मला सांगता येईना. अखेर आठही टॅपेट आणि कॅमशाफ्ट बदलावा लागला. त्यानंतर मी पुठ्ठ्याच्या खोक्याला आठ भोके पाडून त्यांवर आकडे घातले आणि पुशरॉड व टॅपेट त्याच क्रमाने ठेवू लागलो. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) आणि त्याची कॅप यांची जोडी तर त्याहून नाजूक असते, कारण ती दोन्ही एकत्र बसवूनच त्यांचे भोक कापलेले असते. कॅप बदलली किंवा उलटी बसली तर क्रँक जखडू शकतो. तीन मेन बेअरिंगच्या कॅपबद्दलही हेच.

आता क्रमाविषयी. या इंजिनात रॉकर शाफ्ट (पुशरॉडची हालचाल व्हॉल्व्हकडे वळवणाऱ्या रॉकरांचा दांडा) ज्या आठ नटांनी धरलेला असतो, त्यांपैकी चार नट हेडही धरून ठेवतात. फक्त रॉकर काढायचा म्हणून तेवढे चार नट पूर्ण सोडले तर हेडवर एका बाजूने ताण येऊन ते वाकू शकते, आणि पाणी आधी काढलेले नसेल तर ते गॅस्केटमधून आत झिरपते. म्हणून रॉकर काढायचा असला तरी पाणी काढून, हेडचे सगळे नट ठरलेल्या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. कॅमशाफ्ट बाहेर ओढण्याआधी टॅपेट काढलेली हवीत आणि डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना क्रमाने वीज वाटणारा भाग) फिरवणारा छोटा शाफ्टही काढलेला हवा. तो शाफ्ट खोल बसलेला असतो. त्याच्या माथ्यावरच्या आट्यांत ५/१६ इंची यूएनएफ (बारीक आट्यांचा) बोल्ट फिरवून तो अलगद वर घ्यावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस कॅमशाफ्टला हातोडी मारत बसतो.

फ्लायव्हीलबद्दल, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या जड चाकाबद्दल जरा अधिक लिहितो, कारण घरी शिकणाऱ्याला इजा होण्याचा धोका इथे आहे. मिनीत ते क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट चढवलेले असते आणि पुलरशिवाय (ओढून काढण्याच्या अवजाराशिवाय) निघत नाही. पुलर ताणत गेल्यावर ते मोठा आवाज करून एकदम सुटते. त्यामुळे मधला बोल्ट पूर्ण न काढता काही आटे धरून आत ठेवावा, म्हणजे सुटलेले फ्लायव्हील अंगावर येत नाही. त्याआधी पहिला आणि चौथा पिस्टन सर्वांत वरच्या स्थितीत आणावेत, नाहीतर प्रायमरी गिअर (इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे नेणारा पहिला गिअर) धरणारा इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचा वॉशर घसरून फ्लायव्हीलमागे अडकतो आणि पुलर जितका ताणावा तितकी मोडतोड वाढते.

पान्यांबाबत एकच सांगतो. या इंजिनाचे नट इंची मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण ते माप १२.७ मिलिमीटर आहे, आणि जुना गंजलेला नट त्या फरकानेच गोल होतो. ७/१६ इंचाला ११ चा पाना जात नाही आणि १२ चा घसरतो. इंची पान्यांचा एक बरा संच, टॉर्क पाना (नट ठरावीक जोराने आवळणारा), फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) आणि मायक्रोमीटर यांवाचून हे काम सुरूच करू नये.

मोजमापाशिवाय इंजिन सुटे करण्यात मला अर्थ दिसत नाही. सिलेंडर सर्वांत जास्त झिजतो तो वरची रिंग जिथून परत फिरते त्या ठिकाणी. तिथे बोट फिरवले तर वरच्या न झिजलेल्या पट्टीची कडा लागते. जुनी रिंग आधी वरच्या झिजलेल्या भागात आणि मग अगदी तळाशी सरळ बसवून तिच्या टोकांतील फट फीलर गेजने मोजली, तर दोन मापांतील फरकावरून झिजेचा अंदाज येतो. क्रँकच्या जर्नलचे (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचे) माप दोन काटकोनी दिशांनी घ्यावे, म्हणजे तो नुसता बारीक झाला आहे की लांबट, ते कळते. हे आकडे हाती असले की सिलेंडर बोअरिंगला (आतून कापून मोठा करायला) द्यायचा की नुसत्या रिंगा बदलायच्या, याचा निर्णय शिकणारा स्वतः घेऊ शकतो, आणि पुढे वर्कशॉपमध्ये जावे लागले तरी काय विचारायचे ते त्याला माहीत असते.

जुन्या गॅस्केटमध्ये आणि क्लचच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. वापरलेले ऑइल कातडीला घातक असते. हातमोजे घालावेत आणि ते ऑइल गटारात ओतू नये. इंजिन एकट्याने उचलू नये आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

आपल्या वाहनविषयक पानावर एखाद्या जुन्या लहान इंजिनाचे सुटे करणे टप्प्याटप्प्याने, छायाचित्रांसह आणि मापांसह छापावे, अशी माझी विनंती आहे. एका आठवड्याला फक्त हेड, पुढच्या आठवड्याला फक्त टायमिंग चेन आणि कॅम, एवढा संथ वेगही चालेल. त्यासाठी माझ्या वहीतील नोंदी आणि प्रत्येक टप्प्यावर, भाग धुण्याआधी काढलेली छायाचित्रे मी विनामूल्य द्यायला तयार आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक