पॉली मरे यांची पाने पूर्ववत करा: अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय डग बर्गम,
अंतर्गत व्यवहार मंत्री, अमेरिकेची संयुक्त संस्थाने,
वॉशिंग्टन डी. सी.

विषय: कृष्णवर्णीय लेस्बियन स्त्रियांच्या इतिहासाच्या सरकारी नोंदी आणि दिवंगत व्यक्तींच्या लिंगओळखीबाबत सरकारने घ्यावयाची भूमिका.

महोदय,

आपल्या अखत्यारीतील, राष्ट्रीय उद्याने आणि स्मारके सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिसने फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल राष्ट्रीय स्मारकाच्या, म्हणजे जून १९६९ मध्ये समलिंगी आणि पारलिंगी माणसांनी पोलिसांच्या छाप्याविरुद्ध जेथे उठाव केला त्या जागेच्या, संकेतस्थळावरून ‘ट्रान्सजेंडर’ (पारलिंगी) आणि ‘क्विअर’ (लिंग-लैंगिकतेच्या रूढ चौकटीबाहेरचे) हे शब्द काढून टाकले. सरकार केवळ स्त्री आणि पुरुष ही दोनच लिंगे मानील, असा जो आदेश राष्ट्राध्यक्षांनी २० जानेवारी २०२५ रोजी काढला, त्याची ही अंमलबजावणी होती. नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथे लहानाच्या मोठ्या झालेल्या, वंशभेद आणि लिंगभेदाविरुद्ध लढलेल्या कृष्णवर्णीय वकील आणि पुढे धर्मगुरू झालेल्या पॉली मरे यांच्याविषयीची पानेही या कात्रीतून सुटली नाहीत. मी याच राज्यात राहणारी, अभिलेखागारात जुन्या कागदपत्रांची वर्गवारी करण्याचे काम करणारी मराठी स्त्री आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवीत आहे. मराठीत ते जाहीर करण्याचे कारण असे की, मरे यांचे नाव माझ्या भाषेच्या वाचकांपर्यंत जवळजवळ पोहोचलेलेच नाही, आणि ते पोहोचण्यापूर्वीच अर्धवट झालेले असावे हे मला मान्य नाही.

मरे यांचा जन्म २० नोव्हेंबर १९१० रोजी बाल्टिमोरमध्ये झाला. आई लवकर वारल्यामुळे त्यांचे बालपण डरहॅमला मावशी आणि आजी-आजोबांच्या घरी गेले. आजोबा रॉबर्ट फिट्झजेराल्ड हे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूने लढलेले सैनिक आणि नंतर मुक्त झालेल्या गुलामांचे शिक्षक होते. आजी कॉर्नेलिया यांचा जन्म गुलामगिरीत झाला होता आणि त्यांचे वडील हे त्यांच्या मालकिणीचे सख्खे भाऊ होते. कॅरोल स्ट्रीटवरचे ते लाकडी घर आजही उभे आहे. त्याच्या मागे गोऱ्यांची दफनभूमी होती आणि आजोबांची कबर तिच्या कुंपणाला लागूनच होती. पलीकडे दक्षिणेच्या सैनिकांच्या कबरींवर बंडखोर राज्यांची निशाणे फडकत असत, म्हणून लहानग्या मरे यांनी आपल्या आजोबांच्या कबरीवर देशाचा ध्वज रोवला. देशप्रेमाची याहून स्वच्छ कृती मला माहीत नाही. आपल्या खात्याने हे घर राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित केले, तेव्हा हे सारे आपल्या खात्याला ठाऊक होते.

पुढचे आयुष्य एका पत्रात मावणारे नाही. १९३८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने वंशामुळे प्रवेश नाकारला. हॉवर्ड विद्यापीठातून १९४४ मध्ये कायद्याची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवल्यावर हार्वर्डने स्त्री असल्यामुळे दार बंद केले. वंशभेदाला ‘जिम क्रो’ म्हणत असत, त्याला जोडून मरे यांनी स्त्रियांवरील अन्यायाला ‘जेन क्रो’ हे नाव दिले आणि हे दोन्ही अन्याय एकाच कायदेशीर युक्तिवादाने हाणून पाडता येतील असे दाखवून दिले. १९७१ मध्ये, पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी रीड विरुद्ध रीड या लिंगभेदाविरुद्धच्या खटल्याच्या निवेदनावर सहलेखक म्हणून मरे यांचे नाव घातले, ते त्यांच्या या विचाराचे ऋण मान्य करण्यासाठी. त्याआधी, मार्च १९४० मध्ये, व्हर्जिनियातील पीटर्सबर्ग येथे बसमध्ये मागच्या मोडक्या आसनावर बसण्यास नकार दिल्याबद्दल मरे आणि त्यांची मैत्रीण यांना अटक झाली होती. गांधीजींच्या सत्याग्रहाविषयी जेवढे वाचले होते, तेवढे आपण जागच्या जागी वापरले, असे मरे यांनी त्यानंतर लिहिले. बसमधील वंशभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी केलेल्या माँटगोमेरीच्या प्रसिद्ध बस बहिष्काराच्या पंधरा वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

आता ज्या मुद्द्यावर कात्री चालली त्याकडे येते. मरे यांचे प्रेम स्त्रियांवर होते. आयरीन बार्लो यांच्याशी त्यांचे नाते १९७३ मध्ये बार्लो यांच्या मृत्यूपर्यंत टिकले आणि ब्रुकलिनच्या सायप्रस हिल्स दफनभूमीत दोघांची चिरविश्रांती एकाच ठिकाणी आहे. परंतु तरुणपणी, १९३० आणि १९४० च्या दशकांत, मरे यांनी अनेक डॉक्टरांकडे पुरुषी संप्रेरकांची (हार्मोन्सची) मागणी केली. आपल्या शरीरात पुरुषाच्या ग्रंथी दडलेल्या असाव्यात, त्या तपासून पाहाव्यात, असा आग्रह धरला. डॉक्टरांनी नकार दिला. ‘आपण लेस्बियन आहोत’ असे मरे यांनी जाहीरपणे कधी म्हटले नाही आणि ‘आपण पुरुष आहोत’ असेही कधी म्हटले नाही. मृत्यूनंतर १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या विषयावर पूर्ण मौन आहे.

या मौनावरून आज विद्वानांमध्ये तीव्र मतभेद आहेत, आणि ते मी आपल्यापासून लपवणार नाही. काही अभ्यासकांच्या मते मरे हे पारलिंगी पुरुष होते आणि त्यांचा उल्लेख तसाच व्हायला हवा. काही चरित्रकार त्यांना स्त्री म्हणूनच लिहितात, कारण कायद्यातील आणि चर्चमधील त्यांचा सगळा संघर्ष स्त्री म्हणून झाला. १९७७ मध्ये एपिस्कोपल चर्चमध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा मिळालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री म्हणूनच त्यांची नोंद आहे. अनेक कृष्णवर्णीय लेस्बियन स्त्रियांना एक खोल भीती वाटते, ती म्हणजे पुरुषी पोशाखात वावरलेली, स्त्रियांवर प्रेम केलेली प्रत्येक पूर्वज जर पुरुष म्हणून पुन्हा लिहिली गेली, तर आमच्या वाट्याला पूर्वज म्हणून कोण उरेल? ही भीती क्षुल्लक नाही. ज्या समाजाच्या नोंदी मुळातच मूठभर आहेत, त्याला त्यांतील एकेक नाव मोजून घ्यावे लागते.

तरीही या भीतीचे उत्तर आपल्या खात्याने केले ते नव्हे. संप्रेरकांचा उल्लेख पुसल्याने मरे लेस्बियन इतिहासाला परत मिळत नाहीत. फक्त एक माणूस कमी होतो आणि त्याजागी दुसराच कोणी उभा राहतो. उलट बाजूने, आजचा एखादा शब्द निर्णय म्हणून त्यांच्या नावापुढे कायमचा ठोकून देणेही मला पटत नाही. सरकारी फलकावर ‘मरे हे पारलिंगी होते’ असे निःशंक विधान असते, तर त्याविरुद्धही मी आपल्याला लिहिले असते.

निर्णय करायचाच झाला तर तो कोणत्या पुराव्यावर करायचा, हे मरे यांनी स्वतः ठरवून ठेवले आहे. जी पत्रे, डॉक्टरांना विचारलेले जे प्रश्न, ज्या नोंदी त्यांनी हयातीत जाहीर केल्या नाहीत, त्या त्यांनी जाळल्या नाहीत. हार्वर्डच्या श्लेसिंगर ग्रंथालयाकडे सोपवलेल्या शंभरहून अधिक पेट्यांमध्ये त्या बाकीच्या कागदांसोबत आहेत. पुरावा कसा जपायचा आणि तो कधीतरी कोणाच्या हाती पडणारच हे पक्के ठाऊक असलेल्या वकिलाने ही गोष्ट केली आहे. त्यांच्या एका छायाचित्रसंग्रहात आपल्याच निरनिराळ्या पोशाखांतल्या छायाचित्रांखाली त्यांनी निरनिराळी नावे लिहिली आहेत, कुठे ‘खोडकर पोर’, कुठे ‘छैलछबिला’, कुठे ‘पीटर पॅन’. माझ्या कामात मी अनेक कुटुंबांचे कागद हाताळले आहेत. नको असलेले पान फाडण्याची संधी असूनही ते ठेवले गेले, याला माझ्या लेखी इच्छापत्राचे वजन आहे.

माणसाचे स्वतःचे शब्द हा अखेरचा पुरावा असतो, असेही मात्र मी म्हणणार नाही, आणि याचे कारण ग्लॅडिस बेंटली. १९०७ मध्ये जन्मलेल्या बेंटली १९२० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत पांढरा टक्सीडो (पुरुषांचा औपचारिक सूट) आणि उंच टोपी घालून पियानोवर बसत, लोकप्रिय चालींवर चावट गाणी रचत आणि समोरच्या टेबलांवरच्या स्त्रियांशी उघड लाडीगोडी करीत. लोक त्यांना ऐकायला गर्दी करत. १९५२ मध्ये ‘एबनी’ या कृष्णवर्णीय वाचकांच्या मासिकात त्याच बेंटली यांचा लेख आला, की संप्रेरकांच्या उपचाराने आपण पुन्हा स्त्री झालो आहोत आणि आता सुखी आहोत. ते वर्ष कोणते होते हे आठवावे. समलिंगी माणसांना सरकारी नोकऱ्यांतून हुडकून काढून हाकलले जात होते तो हा काळ. मरे यांना हवी असलेली संप्रेरके नाकारली गेली आणि बेंटली यांनी त्यानंतरच्या दशकात उलट प्रकारची संप्रेरके घेऊन बरे झाल्याची जाहीर कबुली दिली. एका ओळीच्या सरकारी परिचयात या दोन कृष्णवर्णीय माणसांचे आयुष्य कसे बसवणार? तो लेख ठेवायचा, पण तो कोणत्या भीतीच्या सावटाखाली छापला गेला हेही त्याच पानावर सांगायचे, एवढेच प्रामाणिक काम इतिहासकाराच्या हाती असते.

स्टोनवॉलचा विषय निघालाच आहे, तर स्टॉर्मे डेलार्व्हरी यांचाही उल्लेख करणे भाग आहे. न्यू ऑर्लिन्सला १९२० मध्ये जन्मलेल्या डेलार्व्हरी १९५५ ते १९६९ या काळात ज्वेल बॉक्स रिव्ह्यू या फिरत्या कार्यक्रमात पुरुषांचा सूट घालून सूत्रसंचालन करत. त्या कार्यक्रमात स्त्रीवेषातील पुरुष अनेक होते आणि पुरुषवेषातील त्या एकट्याच. पुढे ग्रीनविच व्हिलेजमधील लेस्बियन बारच्या दारावर पहारा करणे आणि रात्री रस्त्यांवर फिरून तरुण मुलींना सुरक्षित घरी पोहोचवणे हे त्यांनी म्हातारपणापर्यंत केले. जून १९६९ च्या त्या रात्री पोलिसांशी पहिल्यांदा झटापट करणारी स्त्री त्याच होत्या, असे अनेक जण सांगतात आणि काही जण नाकारतात. त्यांच्याही बाबतीत त्या लेस्बियन की आणखी काही, हा वाद आहे. या स्मारकाच्या पानावर हा वाद दिसायला हवा होता. त्याऐवजी तेथून शब्दच गेले. त्या रात्री तिथे असलेल्या इतर कित्येकांसोबत आणि डेलार्व्हरी यांच्यासारख्या एका चौकटीत न बसणाऱ्यांसोबतही हे झाले आहे.

सरकारी नोंद काय करू शकते याचे उदाहरण मेबल हॅम्प्टन यांच्या आयुष्यात आहे. १९०२ मध्ये जन्मलेल्या हॅम्प्टन हार्लेममध्ये नाचल्या आणि नंतर आयुष्यभर लोकांच्या घरची कामे केली. १९२४ मध्ये त्यांना वेश्याव्यवसायाच्या खोट्या आरोपाखाली बेडफर्ड हिल्सच्या सुधारगृहात डांबले गेले, आणि सरकारी दफ्तरात त्या उरल्या त्या याच कारणाने. लिलियन फॉस्टर यांच्यासोबत १९३२ पासून १९७८ पर्यंत केलेला संसार, जमवलेली पत्रे, नाटकांचे कार्यक्रमपत्रक, लेस्बियन कादंबऱ्या, ध्वनिमुद्रित आठवणी हे सगळे त्यांनी दिले ते लेस्बियन हर्स्टरी आर्काइव्ह्जला. १९७४ मध्ये स्थापन झालेले आणि पहिली अनेक वर्षे एका घराच्या खोल्यांतच चाललेले हे अभिलेखागार आज ब्रुकलिनमध्ये आहे आणि सरकारी पैसा घेत नाही. सरकारचा अनुभव असलेल्या स्त्रियांनी घेतलेला हा निर्णय कसा आला, हे आपण समजून घ्यावे. १९८४ च्या न्यूयॉर्कमधील मोर्चात ब्याऐंशी वर्षांच्या हॅम्प्टन यांनी आपण आयुष्यभर लेस्बियन आहोत आणि आपल्या कृष्णवर्णीय व समलिंगी माणसांना या देशात आणि सर्व जगात स्वातंत्र्य मिळावे, असे सांगितले. एवढे स्वच्छ विधान मरे आणि बेंटली यांना करता आले नाही. तिघींच्या नोंदी मात्र आपल्याला सारख्याच जपायच्या आहेत.

आपण २० मे २०२५ रोजी स्वतः काढलेल्या आदेशात, जिवंत अथवा दिवंगत अमेरिकन माणसांची अनुचित अवहेलना करणारा मजकूर राष्ट्रीय स्थळांवरून काढावा असे म्हटले आहे, आणि तसा मजकूर आढळल्यास नागरिकांनी कळवावे म्हणून फलकही लावले आहेत. त्याच आदेशाच्या भाषेत मी कळवते आहे: पॉली मरे यांच्याविषयीच्या पानांवर जे वगळले गेले, ती एका दिवंगत अमेरिकन व्यक्तीची अवहेलना आहे. माणूस जे होता त्याचा जो भाग आपल्याला नावडता आहे तो झाकून उरलेल्याचा गौरव करणे यात आदर नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने १९७८ मध्ये मरे यांना मानद पदवी देऊ केली, तेव्हा विद्यापीठ वर्णभेद पूर्णपणे संपवण्यास टाळाटाळ करत होते. मरे यांनी ती पदवी नाकारली. अर्धवट सन्मानाचे त्यांनी काय केले असते, याचे उत्तर त्यांनी स्वतः देऊन ठेवले आहे.

माझी मागणी अशी आहे. मरे यांच्याविषयीची आणि स्टोनवॉलविषयीची पाने जानेवारी २०२५ पूर्वी जशी होती तशी परत प्रसिद्ध करावीत, आणि त्यानंतर त्यांत जो बदल झाला तो कोणी, कधी आणि कोणत्या आधारे केला याची नोंद त्याच पानांवर ठेवावी. कॅरोल स्ट्रीटच्या घराविषयीच्या मजकुरात मरे यांचे स्त्रियांवरील प्रेम आणि संप्रेरकांसाठी त्यांनी केलेली धडपड या दोन्ही गोष्टी कागदपत्रांच्या हवाल्याने लिहाव्यात. त्यांना कोणत्या नावाने ओळखावे यावर मतभेद आहेत हे स्पष्ट म्हणावे, आणि त्या वादात सरकारने कोणाचीही बाजू घेऊ नये. यापुढे दिवंगत व्यक्तीच्या ओळखीविषयीचा मजकूर बदलायचा असेल, तर तो बदल आदेशाच्या कागदावरून नव्हे, तर संबंधित समाजातील इतिहासकार आणि त्या कागदपत्रांचे राखणदार यांच्याशी चर्चा करूनच व्हावा. जी छोटी अभिलेखागारे सरकारी मदत घेण्यास तयार आहेत, त्यांची मदत या कारणावरून रोखली जाऊ नये.

या पत्राला लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
अभिलेखागारातील एक कर्मचारी,
नॉर्थ कॅरोलायना