कोळंबी-नूडल्सच्या पाककृतीत दुरुस्ती हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आशियाई पद्धतीच्या कोळंबी-नूडल्सची झटपट पाककृती वाचली. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपून कोकणातली ताजी कोळंबी घाट चढून कोल्हापुरात येऊ लागली असताना ती छापलीत, हे औचित्याचेच झाले. परंतु नूडल्स, भाज्या आणि कोळंबी एकाच पातेल्यात घालून ‘पंधरा मिनिटे उकळावे’ या एका वाक्याने सगळा घात केला. मी सांगितल्याबरहुकूम केले. नूडल्सची खळ झाली, कोळंबीचे रबर झाले आणि घरच्यांनी ते निमूटपणे खाल्ले.

आपल्या रश्श्यात सगळे एकत्र शिजून मुरावे लागते. व्हिएतनामचा फो, मलेशिया-सिंगापूरकडचा लाक्सा किंवा जपानचा रामेन यांची रीत नेमकी उलटी आहे. तिथे रस्सा आणि नूडल्स वेगवेगळे तयार होतात आणि त्यांची गाठ पडते ती थेट वाडग्यात. ही गोष्ट पाककृतीत कुठेच नव्हती.

वास्तविक कोल्हापूरकराला हा प्रकार अवघड वाटू नये, कारण मटणाचे अळणी (तिखट-मसाल्याआधीचा साधा रस्सा) काढणाऱ्या घरात अर्धे काम हाताला ठाऊक असते. चार माणसांसाठी अर्धा किलो सालीसकट कोळंबी आणावी आणि विक्रेत्याने साफ करून दिली, तर डोकी व साली टाकू न देता मागून घ्याव्यात. त्या धुऊन चमचाभर तेलात लालसर होईपर्यंत परताव्यात, लसूण, आले आणि चार-पाच वाट्या पाणी घालून पंधरा मिनिटे मंद आचेवर ठेवावे व गाळून घ्यावे. (छापील पंधरा मिनिटे बहुधा इथलीच असावीत!) सालींचा रंग तेलात उतरून मिसळीच्या कटासारखा तवंग येतो आणि वरून तिखट न घालताही रस्सा देखणा दिसतो. नारळाचे दूध घालायचे असल्यास पांढऱ्या रश्श्याप्रमाणेच ते शेवटी, मंद आचेवर घालावे.

तांदळाच्या बारीक नूडल्स उकळायच्याच नसतात. आच बंद करून कढत पाण्यात पाच-सात मिनिटे बुडवाव्यात आणि लगेच गार पाण्याखाली धराव्यात. काळा दोरा काढलेली कोळंबी उकळत्या रश्श्यात दोन-तीन मिनिटेच ठेवावी. ती अर्धगोल वळून अपारदर्शक झाली की शिजली, पूर्ण गोल वळली की हातची गेली. माकूल घेतल्यास मिनिट-दीड मिनिट पुरते.

दुकानातील महागड्या बाटल्यांची यादी मात्र निम्मी करता आली असती. ज्याला ‘लेमनग्रास’ म्हटले आहे तो आपला गवती चहाच, कुंडीतला चालतो. फिश सॉस नसेल तर चिमूटभर भाजलेली सुकट रश्श्यात टाकावी, चव बरीच जवळ जाते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण अडीच ग्रॅम मीठ असते, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या दिवसाच्या ५ ग्रॅम मर्यादेच्या जवळपास निम्मे. त्यामुळे पाककृतीतील ‘चार चमचे सोया सॉस व चवीनुसार मीठ’ ही सूचना मला धोक्याची वाटते. कांदा-लसूण मसाल्याचा मोह आपल्याला आवरत नाही, हे मान्य. तो अर्धा चमचा तेलात परतून वरून सोडावा, त्याहून अधिक घातल्यास कोळंबी आणली कशाला, असा प्रश्न पडतो. लिंबू आणि कांद्याची पात वाडगा भरल्यावरच.

आणखी एक बाब गंभीर आहे. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे, त्यांना कोळंबी वेचून उरलेला रस्सा वाढणेही सुरक्षित नाही, कारण त्रास देणारा घटक शिजवल्याने नाहीसा होत नाही. सालींचा रस्सा सुचवताना ही सूचना सोबत छापणे आवश्यक आहे.

येत्या रविवारी पाककृतीच्या शिजवण्याच्या वेळेची आणि सोया सॉसच्या प्रमाणाची दुरुस्ती प्रसिद्ध करावी, ही विनंती. अनेक घरांत पुरवणीची कात्रणे वहीत चिकटवून ठेवली जातात. माझ्या वहीत त्या कात्रणाशेजारी दुरुस्तीपुरती जागा मोकळी ठेवली आहे.

आपली,
एक नियमित वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर