चि. बाळूस, नाताळच्या आधी

चि. बाळू यास,
प्रभूच्या नावात सलाम.

तुला चार दिवस सलाईन लागली होती, हे काल तुझ्या दोस्ताकडून कळलं. डेंग्यू होता म्हणे, पेशी उतरल्या होत्या. आणि आम्हाला तू सांगितलंस, काम फार आहे, नाताळला जमणार नाही. तुझी आई वावरात वेचणीला होती. ओटीतला कापूस तसाच धुऱ्यावर ओतून घरी आली.

रागवायला लिहीत नाही. आता पेशी किती आहेत, तेवढं कळव.

इथे थंडी चांगलीच पडली. ताईनं तारा बांधला. कामट्या मी तासून दिल्या, पण पाचवं टोक वाकडंच राहिलं. तू आतून सुतळी ओढून गाठ मारायचास, ती आम्हाला कोणालाच जमत नाही. तसाच लावला दारावर. चोवीसच्या रात्री गाणारी मंडळी शेवटी आपल्याच अंगणात शेकोटीपाशी बसतील. ती पेटी तुझ्या पहिल्या पगाराची, हे मी दरवर्षी सगळ्यांना सांगतो. यंदाही सांगीन.

मग वाचन. लूकचा दुसरा अध्याय, त्यानंतर आबांच्या त्या शिवलेल्या प्रतीतून रेव्हरंड ना. वा. टिळकांचं ख्रिस्तचरित्राचं काव्य, 'ख्रिस्तायन'. 'उतारशाळेत जागा नव्हती' आलं की तू आबांना थांबवायचास. उतारशाळा म्हणजे काय? आबा म्हणायचे, स्टँडजवळची धर्मशाळा समज. मग आपल्या कोठ्यात का नाही आले ते? एका वर्षी तर गव्हाणीतलं कुटार काढून तू स्वतःची गोधडी अंथरलीस. सकाळी गोऱ्ह्यानं तिचा कोपरा चघळून ठेवला होता. सात वर्षांचा होतास.

यंदा ती ओळ माझ्यानं वाचवणार नाही. दवाखान्यात रात्री तुझ्याजवळ कोण होतं? डबा कोण आणत होतं?

आबा या रेव्हरंड टिळकांची गोष्ट सांगायचे ना, राजनांदगावच्या गाडीत एका गोऱ्यानं नवा करार हाती दिला आणि वाचीन असा शब्द घेतला. टिळकांनी तो पाळला, पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. गाडीत भेटलेल्या परक्या माणसाला दिलेला शब्द! आणि तू निघताना आईला काय म्हणाला होतास? दर रविवारी सगळं खरं सांगीन...

बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर. दुखण्यातून उठलेल्या लेकराला असं बोलू नये. पण १९१९ साली टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरंच होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. घरचं माणूस त्यासाठीच असतं रे. मग आम्हाला का नाही बोलावलंस?

पंचवीसची उपासना आटोपली की रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मी निघतो. नको म्हणू नको. खोलीत जागा नसली तर खाली चटई टाकू. आई करंज्या आणि तुरीच्या शेंगा बांधून देते आहे. रिपोर्ट फेकू नको, मला पाहायचा आहे.

तुझा,
बाबा

ता. क. पेशींचा आकडा आजच आईच्या फोनवर टाक.