जप्तीच्या गाडीत कार्बनचे पुस्तक ठेवा

संपादक महोदय,

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पणजी-मडगावच्या पदपथांवर गावठी भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांवर कारवाई झाली की चर्चा रहदारीवर येऊन थांबते. रस्ता मोकळा हवा, यात वाद नाही. पण पाटीतला माल उचलला जातो तेव्हा नेमके काय जाते, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

उदाहरणादाखल तांबड्या भाजीच्या ५० जुड्या घ्या. खरेदी १५ रुपयांची, विक्री २५ ची. पहिल्या ३० जुड्या विकल्या की ७५० रुपये मुद्दल सुटते. पुढच्या २० जुड्यांत बसभाडे, सोपो (बाजारात बसण्याची फी) आणि घरी न्यायचे पैसे. म्हणजे दुपारी उरलेल्या वीस जुड्या गाडीत गेल्या तर माल चाळीस टक्के गेला, कमाई मात्र पूर्ण गेली. त्यात ही भाजी थांबत नाही. गोणपाट ओले ठेवून पाणी शिंपडत राहिले तरी उन्हात कडेची पाने मलूल होतात, आणि पाणी जास्त झाले तर बांधाजवळचे देठ काळे पडून कुजतात. म्हणूनच बारा वाजले की भाव उतरतो.

पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्रीय कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक असावे. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला हटवता येत नाही. हटवायचेच तर ३० दिवसांची नोटीस लागते. मुदत संपल्यावर माल जप्त केलाच, तर जागेवरच यादी करून सहीची प्रत विक्रेत्याला द्यायची. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामाच्या दोन दिवसांत सोडायचा. यादीच नसेल तर मागणी कशाची करणार? संध्याकाळी पालिकेच्या आवारात दहाजणींच्या पाट्या एकत्र ओतलेल्या असतील, तर कुठली जुडी कोणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

सोप्याच्या पावतीचेही तेच. तारीख, रक्कम आणि बसण्याची जागा लिहिलेली पावती सर्वेक्षणाच्या वेळी हाताशी असावा असा पुरावा आहे. नुसत्या आकड्याचा चिटोरा कामाचा नाही. प्रमाणपत्र किंवा पालिकेचे शिफारसपत्र नसले की पथविक्रेत्यांसाठी २०२० पासून असलेल्या केंद्राच्या स्वनिधी योजनेचे बँक कर्जही अडते. मग दारात येणारा सावकार उरतो. त्याच्याकडचा ठराविक हिशेब असा: कागदावर १०,०००, हातात ९,०००, फेड रोज १०० रुपये, शंभर दिवस. ऐकायला हे दहा टक्के वाटते. मुद्दल रोज घटत जाते हे धरले, तर वर्षाचा दर पाऊणशे टक्क्यांच्या पुढे जातो.

पालिकांकडे मागणी छोटी आहे. जप्तीच्या प्रत्येक गाडीत कार्बनचे पुस्तक, म्हणजे लिहितानाच खाली दुसरी प्रत उमटते असे पुस्तक, असावे. त्यात विक्रेत्याचे नाव, माल, नग किंवा वजन, वेळ आणि सही, एवढेच रकाने. पाटीला त्याच पानाचा क्रमांक बांधावा. भाजी, फुले, मासळी यांची सोडवणूक कार्यालय बंद होण्याच्या वेळेवर सोडू नये, त्यासाठी दुपारीच एक माणूस नेमावा. आणि नगर विक्रेता समितीत विक्रेत्यांचे किमान ४० टक्के प्रतिनिधी, त्यांत एक तृतीयांश बायका, असे कायदा सांगतो. पुस्तकाचे रकाने त्यांनाच एकदा दाखवून घ्यावेत. जुडी मोजायची की वजन करायचे, हे त्या चटकन सांगतील.

– एक वाचक, बार्देश