काकूंचं आणि माझं

अनगोळ, बेळगाव

प्रिय नंदे,

फोनच केला असता, पण फोनवर तू रडायला लागतेस आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. घरी सगळे बरे, सासूबाईंचा गुडघा आहे तसाच.

माझ्या तपासणीत एचपीव्ही निघाला, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्याच्यामुळं होऊ शकतो तो विषाणू. मग दुर्बिणीतून बघून तुकडा काढला, तो सीआयएन ३ आला, म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी. गेल्या आठवड्यात गर्भाशयाच्या तोंडाचा तेवढा भाग काढून टाकला. आता तुझ्या डोळ्यांसमोर तुझी आई, माझ्या काकूच आल्या असणार. माझ्याही आल्या. दप्तरासकट आपण डबा घेऊन जायचो, त्या घास गालात धरून बसायच्या. पण हे काकूंच्या कॅन्सरसारखं नव्हे गं. बिघडलेल्या पेशी अजून वरच्या थरातच आहेत, आत शिरलेल्या नाहीत. तसंच सोडलं तर तीस वर्षांत दहातल्या साधारण तिघींना कॅन्सर होतो, म्हणून आत्ताच काढायचं. काकूंना अंगावरून लाल जायला लागेपर्यंत कुणी तपासलंच नव्हतं.

काय करतात ते नीट सांगते, कारण तुलाही तपासणी करायचीच आहे. फॉर्म कन्नडात होता. नर्सनं ओळन् ओळ मराठीत सांगितली, वर "अंजब्याडरी अक्का", घाबरू नका, म्हणाली. मांडीला एक पट्टी चिकटवतात. पातळ व्हिनेगर लावलं की बिघडलेली जागा पांढरी पडते. मग तिथंच भूल. सुईची कळ येते, छाती धडधडते, पाय लटपटतात. मी घाबरले, पण ते त्या औषधानंच होतं आणि जरा वेळानं थांबतं. नंतर बारीक तारेच्या फाशातून वीज सोडून तो भाग कापतात. दुखलं नाही. धूर ओढणाऱ्या मशीनची घरघर आणि जळका वास, एवढंच. पाव तासात सगळं आटपलं आणि त्याच दिवशी घरी आले.

दोन दिवस पाळीसारखं पोट दुखलं, साध्या गोळीनं भागलं. रक्त थांबायला लेप लावतात, त्यामुळं कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट जातं. ते बघून दचकू नये. चार आठवडे पॅडच वापरायचा, पोहायचं नाही, नवऱ्यापासून लांब राहायचं. ताप आला, घाण वास यायला लागला किंवा तासाभरात पॅड भिजला तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा. काढलेला भाग लॅबला गेलाय. सहा महिन्यांनी परत तपासणी आहे. दहातल्या नऊ जणींचं एवढ्यानंच निभतं म्हणतात.

या सगळ्याची मला भीती नाही उरली. मला खातंय ते दुसरंच. घरी ह्यांना सोडून बाकीच्यांना मी "पोटाचं छोटं ऑपरेशन" एवढंच सांगितलंय. नळावर बायका काकूंबद्दल काय बोलायच्या आठवतंय काय? तू त्या बाईच्या घागरीत चिखल टाकलास आणि मार मात्र मला बसला, म्हणून मी महिनाभर तुझ्याशी अबोला धरला होता. (चिखल टाकलास ते बरंच केलंस, हे तेव्हा सांगायचं राहिलं.) हा विषाणू संबंधातून येतो, एवढंच लोकांच्या कानात शिरतं. तो बहुतेकांना कधी ना कधी होतोच, बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, एखादीत मात्र वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, कधी आला आणि कुणाकडून आला ते सांगताच येत नाही, हे कोण ऐकून घेणार? ह्यांनीसुद्धा डॉक्टरांना तेच विचारलं. उत्तर ऐकून गप्प झाले, आणि त्या रात्री भाकऱ्या त्यांनी थापल्या. नकाशे झाले सगळे, पण मी सगळ्या खाल्ल्या.

आता जाऊबाईंचं. चाळिशी उलटली, एकदाही तपासणी नाही. मी सगळं सांगितलं तर त्या जातील. पण त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही, दुसऱ्या दिवशी वडगावपर्यंत पोचेल. आणि नाही सांगितलं तर काकूंच्या वेळी गप्प बसलेल्या सगळ्यांतच मी जमा होईन. माझी मुलगी मोठी होतेय, तिच्या कानावर हे नळावरून यायला नको, असंही वाटतं. रात्री दोन-दोनला जागी होते ती ह्याच विचारानं.

आणि राजहंसगडावर तू म्हणालीस ना, "आमच्या रक्तातच आहे ते, तपासून काय करू"? तेव्हा मी चिडून एकटीच खाली उतरले. अजूनही चिडलेय. हे आईकडून मुलीकडे येणारं दुखणं नव्हे, विषाणूचं आहे. तू जा.

तुझा स्लॅब पडला काय? तुझी सई बारा वर्षांची झाली असेल, तिच्या ह्या विषाणूवरच्या लशीचं डॉक्टरांना विचार, पंधराच्या आत एक-दोन डोसात होतं. भाऊजींना नमस्कार.

जाऊबाईंना सांगू की नको, तेवढं सविस्तर लिही. काकूंच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर तुला काय वाटलं असतं, ते तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

तुझीच,
शकू