वावरातला वजनकाटाही तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कापसाच्या ओलाव्यावरून शेतकऱ्यांच्या तक्रारी सध्या रोज छापून येत आहेत. त्या खऱ्या आहेत. माझं स्वतःचं दोन एकर वावर आहे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर 8 टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव कापतात, 12 च्या वर गेला की गाडी परत. लांब धाग्याला 2025-26 साठी क्विंटलला 8110 रुपये हमीभाव जाहीर असताना तोच कापूस खेडा खरेदीवाल्याच्या, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या पदरात पडेल त्या भावात घालताना जीव कसा तुटतो, हे मला ठाऊक आहे. पण दोन एकरांत घर चालत नाही, म्हणून मी दुसऱ्यांच्या वावरात वेचायलाही जाते. तिथलं लिहिते.

आमच्याकडे वेचणी किलोवर असते. दव असतानाच बाया पऱ्हाटीत (कपाशीत) शिरतात. ओटी भरली की धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गाठोड्यात रिकामी करायची, पुन्हा तास (ओळ) धरायचं. बोंडाच्या टोकांनी नखाजवळची कातडी फाटते. दिवस मावळताना मोजणी. बाभळीच्या फांदीला काटा टांगतात, गाठोडं अडकवतात आणि काटा स्थिर व्हायच्या आत मालक आकडा सांगून मोकळा! वरून गाठोड्यामागे एक किलो कमी. का, तर माल दवाचा आहे. अहो, सकाळचं दव दिवसभराच्या उन्हात उडालं. जे वजन घटायचं ते आमच्या मजुरीतून आधीच घटलं. मग पुन्हा कशाचं कापता? फडक्याचं म्हणाल, तर फडकं पावकिलोही भरत नाही.

या हंगामात एका वावरात मी किराणा दुकानातून 5 किलोचं शिक्क्याचं वजन मागून नेलं आणि सगळ्यांसमोर काट्याला लावलं. काटा साडेचारवर थांबला. दुसऱ्या दिवशी मला आणि माझ्या सोबतच्या बायांना कामावर बोलावणं आलं नाही.

वेचणीचा खर्च मोठा आहे, मालकही कर्जात आहेत, हे मी मान्य करते. परवडत नसेल तर दर तोंडावर बोला, आम्ही घासाघीस करू. पण ठरलेला दर देऊन काटा मारणं ही चोरी आहे. जिनिंग कारखान्यावर क्विंटलला दोन किलो कमी धरले तर रस्ता अडवायला निघणारा माणूस संध्याकाळी बाईच्या वीस किलोतला एक किलो कापतो, म्हणजे क्विंटलला पाच! खोट्या काट्याचं वेगळंच.

दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. मग जिथे गावातल्या बायांची मजुरी ठरते तिथे का नको? ग्रामपंचायतीनं शिक्क्याचे दोन-तीन काटे घ्यावेत, वेचणीच्या दिवसांत मागेल त्याला द्यावेत आणि प्रत्येक बाईचं वजन तिच्यासमोर वहीत लिहिलं जावं. पुढच्या सीतादहीच्या (पहिल्या वेचणीच्या पूजेच्या) आधी आमच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. इतर गावांतल्या बायांनीही मांडावा.

— एक शेतकरी बाई,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ